मंगळूरची सेंट ॲन्स: मठाच्या परंपरेतून घडलेली मुलींची शाळा

मंगळूर येथील सेंट ॲन्स ही पश्चिम किनाऱ्यावरील मुलींच्या जुन्या कॅथलिक शाळांपैकी एक होय. १८७० मध्ये समुद्रमार्गे येथे आलेल्या ‘अपोस्टोलिक कार्मेल’ या संस्थेच्या धर्मभगिनींनी ती सुरू केली. त्या काळी मंगळूर मद्रास इलाख्यातील दक्षिण कानडा जिल्ह्यात मोडत असे. तेथील कोकणीभाषक ख्रिस्ती समाजातील असंख्य कुटुंबांचे मूळ गोमंतकात असल्याने या शाळेचा इतिहास गोव्याला परका नाही.

शाळेचे वेगळेपण समजण्यासाठी त्याआधीची परंपरा पाहावी लागते. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाची पायाभरणी १६०६ मध्ये आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात झाली आणि १६२७ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. तेथील संन्यासिनी बंदिस्त जीवन जगत. व्रत घेतल्यानंतर मठाचा उंबरठा ओलांडण्यास मुभा नसे. आतल्या स्त्रीला वाचन, संगीत आणि प्रार्थनेचे शिक्षण मिळे, परंतु ते भिंतीबाहेर पोहोचत नसे. कार्मेल संप्रदायाच्या मठांतही हाच नियम होता.

हा नियम आणि मुलींच्या शिक्षणाची गरज यांचा मेळ घालण्याचे काम मदर वेरोनिका यांनी केले. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव सोफी लीव्ह्ज. १८२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे एका अँग्लिकन धर्मगुरूच्या घरी त्यांचा जन्म झाला. पुढे त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. कालिकत येथे काम करताना मुलींच्या शिक्षणाची निकड त्यांनी जवळून पाहिली होती. मुली वयात आल्या की त्यांना पुरुष शिक्षकांसमोर बसविण्यास घरची मंडळी राजी नसत. त्यामुळे शिक्षिका नसेल तर शिक्षणही थांबे. मंगळूरचे धर्मप्रमुख मारी एफ्रेम गारेलों यांनाही शिकविणाऱ्या भगिनी हव्या होत्या. १८६८ मध्ये फ्रान्समधील बायोन येथे मदर वेरोनिका यांनी नव्या संस्थेची स्थापना केली. कार्मेलची प्रार्थना आणि शिस्त कायम ठेवून बंदिस्तपणाचे बंधन तेवढे दूर करण्यात आले. भगिनी वर्गात उभ्या राहू शकल्या, त्या यामुळेच.

दोन वर्षांनी संस्थेच्या पहिल्या भगिनी मंगळुरात पोहोचल्या. संस्थापिका मात्र पुढे पाऊ येथील कार्मेल मठात बंदिस्त जीवनाकडे वळल्या. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी आखलेले काम कालांतराने भारतीय भगिनींनी हाती घेतले.

शाळेचे नाव मारियेची माता संत ॲन हिच्यावरून आहे. कॅथलिक चित्रपरंपरेत ती बहुधा लहानग्या मारियेला पुस्तक वाचावयास शिकविताना दिसते. मुलींच्या शाळेला याहून समर्पक आश्रयदाती क्वचितच लाभेल. तिचा सण २६ जुलै रोजी येतो. गोव्यात तळावलीच्या सांतान चर्चमध्ये याच सुमारास भरणारे तवशांचे फेस्त सर्वपरिचित आहे. १६ जुलैचा कार्मेल मातेचा आणि १५ ऑक्टोबरचा आविलाच्या संत तेरेजाचा सण हे कार्मेल परिवाराचे महत्त्वाचे दिवस होत. अशा कॅथलिक शाळांतून ख्रिस्ती मुलींना धर्मशिक्षण आणि इतर मुलींना त्या वेळी नीतिशिक्षण देण्याची प्रथा आहे.

शालेय शिक्षण संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न ओघानेच आला. त्याचे उत्तर म्हणून १९२१ मध्ये याच संस्थेने मंगळुरात सेंट ॲग्नेस महिला महाविद्यालय उघडले. मुलींना उच्च शिक्षणासाठी दूरच्या शहरी पाठविणे बहुतेक घरांना अशक्य असताना पदवीचा मार्ग त्यामुळे गावातच खुला झाला.

गोव्यात मात्र काळ वेगळ्या दिशेने चालला होता. पोर्तुगालने १८३४ मध्ये धार्मिक संघांवर बंदी घातल्यानंतर सांता मोनिकात नव्या संन्यासिनींचा प्रवेश थांबला. मंगळुरात पहिले वर्ग भरत होते, तेव्हा या मठात मोजक्याच वृद्ध संन्यासिनी उरल्या होत्या. १८८५ मध्ये अखेरची संन्यासिनी निवर्तली.

मुक्तीनंतर, १९६४ मध्ये, हे दोन प्रवाह गोमंतकात पुन्हा दिसू लागले. अपोस्टोलिक कार्मेलने नुवे येथे कार्मेल महिला महाविद्यालय सुरू केले. त्याच वर्षी सांता मोनिकाच्या वास्तूत धर्मभगिनींच्या शिक्षणासाठी मातेर देई संस्था स्थापन झाली, आणि जो मठ एकेकाळी स्त्रियांना जगापासून दूर ठेवीत असे, तेथे स्त्रिया जगात काम करण्याच्या तयारीसाठी शिकू लागल्या.