दुष्काळाची गंगाजळी

सुबत्तेच्या वर्षी सरकारने चार पैसे बाजूला टाकावेत आणि वाईट वर्षी ते बाहेर काढावेत, ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिच्यावर व्याख्यान कशाला, असे कोणीही म्हणेल. घरोघरच्या बायका डाळीच्या डब्यात हेच करीत आल्या. आम्ही कामगार चळवळीतली माणसे संपनिधीची पेटी सांभाळणारी. पैसा जमवण्यापेक्षा तो राखणे अवघड, हे आम्हांला पुस्तक न वाचता कळलेले. पण सरकारच्या पेटीचे काय होते ते कळायला मात्र इतिहासच वाचावा लागला. तो आपल्याच दख्खनचा आहे, आणि त्यात आपल्या बापजाद्यांचा पैसा आहे.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ. मुंबई आणि मद्रास इलाखे, म्हैसूर, हैदराबाद या सगळ्या मुलखात पीक बुडाले आणि ब्रिटिश अमलाखालच्या प्रदेशातच पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली. सरकारने खडी फोडण्याची, तलाव खणण्याची कामे काढली. पण खजिना वाचवण्याची जबाबदारी घेऊन सर रिचर्ड टेम्पल आले आणि त्यांनी धडधाकट पुरुषाची मजुरी ठरवली दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा. एक पौंड म्हणजे अर्ध्या शेराहून कमीच. १८७७ च्या आरंभी आपल्याकडच्या दुष्काळी कामांवरच्या हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. ना युनियन, ना झेंडा, पोटात अन्न नाही. तरी संप केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांच्या वतीने सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठवले. कामगार चळवळीचा इतिहास सांगताना लोक गिरण्यांपासून आरंभ करतात. आमच्या मते तो या खडीच्या ढिगांपासून करायला हवा.

इतकी माणसे मेल्यावर सरकारला हिशेब सुचला. व्हाइसरॉय लिटन यांचे अर्थमंत्री सर जॉन स्ट्रॅची यांनी गणित मांडले की दर दहा वर्षांत दुष्काळावर सुमारे पंधरा कोटी रुपये खर्ची पडतात. तेव्हा दरसाल दीड कोट बाजूला ठेवावे. याला नाव मिळाले दुष्काळ विमा. त्यासाठी उत्तरेकडे व बंगालमध्ये जमिनीवर जादा पट्टी आणि देशभर धंद्यांवर परवाना कर बसला. हा कर पडला कोणावर? वाण्यावर, कोष्ट्यावर, लहानसहान कारागिरावर. बडे पगार घेणारे गोरे अधिकारी आणि वकीलमंडळी मोकळी राहिली. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेला या कराविरुद्ध दंगा झाला, गोळीबार झाला, माणसे मेली. दुष्काळात मरू नये म्हणून जो कर, त्याच्या वसुलीत माणसे मेली. आणि तरीही लिटन यांनी आश्वासन दिले होते की हा पैसा दुष्काळनिवारणाखेरीज कशालाही लागणार नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात अफगाण युद्ध सुरू झाले. पुढच्याच अंदाजपत्रकात दुष्काळाची तरतूद थांबली. कर मात्र थांबला नाही. शिवाय याच ओढाताणीच्या काळात, मार्च १८७९ मध्ये, लिटन यांनी आपल्या मंडळातल्या बहुमताला न जुमानता मँचेस्टरच्या जाड्याभरड्या कापडावरची जकात उठवली. म्हणजे काबूलला पैसा होता, लँकेशायरच्या गिरणीमालकाला सूट द्यायला पैसा होता. नव्हता तो सोलापूर-विजापूरच्या मजुराला. इंग्लंडात ग्लॅडस्टन यांनी यावरून सरकारला झोडपले. निवडणुकीच्या हंगामात आमच्या मरणाचीही आठवण होते, हे तेव्हापासूनचे.

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण सगळी मेख तिच्यात आहे. दीड कोटीची वेगळी पेटी कधी नव्हतीच! योजना अशी की चांगल्या वर्षी तेवढी शिल्लक दाखवायची आणि तेवढे कर्ज कमी काढायचे; मग दुष्काळ आला की कर्ज काढायला जागा राहील. कागदावर हे शहाणपणाचे आहे, आम्ही त्याला मूर्खपणा म्हणणार नाही. पण ज्या पैशावर नाव नाही, कुलूप नाही, त्याची चोरी झाली असे सिद्ध तरी कसे करणार? पुढे तरतूद पुन्हा सुरू झाली, तिच्यातून कालवे झाले, रेल्वे कंपन्यांचे व्याजही भागले. १८९६ चा दुष्काळ आला तेव्हा टिळकांना केसरीतून शेतकऱ्याला समजावून सांगावे लागले की दुष्काळी कायद्याप्रमाणे तुझा हक्क अमुक आहे, तो भीक म्हणून मागू नकोस.

१९१९ च्या सुधारणांनंतर निधी प्रांतांकडे आला. कोणत्या प्रांताने दरसाल किती ठेवायचे याचे आकडेच नियमांत घातले. त्यात सर्वांत मोठा आकडा मुंबई इलाख्याचा, ६३,६०,००० रुपये. बंगालचा अवघा दोन लाख. दख्खनच्या कपाळी काय लिहिले आहे याची ती सरकारी कबुलीच होती.

तरीही हक्काला निधीची जोड मिळायला आणखी अर्धे शतक गेले. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मे महिन्यात सुमारे ४९ लाख माणसे सरकारी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूरला जे करून पाहिले होते, त्यातून रोजगार हमी निघाली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला, आणि १९७७ च्या कायद्याने रोजगार हमी निधी स्थापला. जितका कर जमेल तितकीच भर सरकारने आपल्या पदरची घालायची. हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. १८७८ साली पगारदार सुटला होता. या वेळी गिरणीतला, बँकेतला, कचेरीतला पगारदारही धरला गेला. आमच्यातले काही कुरकुरले. आम्हांला तो कर रास्त वाटला, आजही वाटतो. शहरात खोली करून राहणाऱ्या कामगाराचा भाऊ गावाकडे त्याच खडीवर बसलेला होता.

मग जुनाच रोग नव्या रूपात आला. कर गोळा होई, पण तो सगळा निधीत वळता होतोच असे नव्हते; हिशेबतपासनिसांनी यावर वेळोवेळी बोट ठेवले. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर अकुशल मजुरीचा भार दिल्लीने उचलला, तरी इकडचा कर चालू राहिला. निदान या वेळी कायद्यात निधीचे नाव होते, म्हणून तो कुठे गेला असे विचारता तरी आले. १८७९ च्या मजुराला तेही विचारता आले नाही.

गेटसभेत नवी पोरे पगाराची चिठ्ठी दाखवून विचारतात, हे दरमहा दोनशे कसले, आणि फेब्रुवारीत तीनशे का? आम्ही सांगतो: घटनेने या कराला १९८८ पासून वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. अकरा महिन्यांचे दोनशेप्रमाणे बावीसशे होतात, उरलेले तीनशे फेब्रुवारीत कापतात. आणि मग त्या पोरांना आम्ही खडीवरच्या संपाची हकीकत सांगायला बसतो.