स्थलांतराची सवलत आणि गावाची व्याख्या : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शेतजमीन विकून दुसरी शेतजमीन घेणाऱ्यास व शहरातील कारखाना बाहेर हलविणाऱ्यास आयकरात मिळालेल्या सवलतींचा विचार सामान्यतः करदात्याच्या बाजूने केला जातो. ज्या गावात हा पैसा किंवा कारखाना येऊन पोहोचतो, त्या गावाचे स्थान या सवलतींमध्ये कोणते, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली जिल्ह्यांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

संस्थानकालीन दाखला :
बेळगाव येथील नगरविस्तारामुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांवर कारखान्याची जागा सोडण्याचा प्रसंग आला. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्थानकाजवळील ३२ एकर माळरान व १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. त्यातून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले काच कारखाना उभा राहिला. त्यालाही औंध संस्थानाचे साहाय्य लाभले. आज यांपैकी पहिले ठिकाण सांगली जिल्ह्यात, तर दुसरे सातारा जिल्ह्यात आहे. या दोन्ही उदाहरणांत साहाय्य देणारी सत्ता व कारखाना स्वीकारणारा प्रदेश एकच होता. जमीन पडीक होती व तिची निवड संस्थानाच्या संमतीने झाली. म्हणजे सवलत विशिष्ट स्थळाशी निगडित होती.

आयकरातील सवलतींचे स्वरूप :
१९७० च्या वित्त अधिनियमाने नगरपालिका हद्दीतील व तिच्या लगतच्या अधिसूचित क्षेत्रातील शेतजमीन भांडवली मत्ता ठरविली. त्याच वेळी १९६१ च्या आयकर अधिनियमात कलम ५४ब समाविष्ट झाले. विक्रीपूर्वी दोन वर्षे कसलेली जमीन विकून पुढील दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतल्यास, तिच्या किमतीइतका भांडवली नफा करमुक्त ठरला. नवी जमीन तीन वर्षांत विकल्यास सवलत परत घेण्याची तरतूद होती. परंतु ग्रामीण शेतजमीन भांडवली मत्तेच्या व्याख्येतच बसत नसल्याने, गावात घेतलेल्या जमिनीबाबत हा निर्बंध फारसा परिणामकारक नव्हता.

१९८७ च्या वित्त अधिनियमाने कलम ५४ग आणले. नागरी क्षेत्रातील औद्योगिक उपक्रम बिगरनागरी क्षेत्रात हलविताना जुनी जमीन, इमारत वा यंत्रसामग्री विकून होणारा नफा नव्या ठिकाणी गुंतविल्यास करसवलत मिळाली. भोपाळ दुर्घटनेनंतर त्याच वर्षी कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याची जागा तपासण्यासाठी स्थळ मूल्यमापन समितीची तरतूद करण्यात आली. स्थळाचा प्रश्न एका कायद्याने विचारला; दुसऱ्याने केवळ 'नागरी नव्हे' एवढीच अट घातली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ धोकादायक उद्योग हलविण्याचा आदेश देताना कामगारांच्या वेतनाचा व सेवासातत्याचा विचार केला. कलम ५४ग मध्ये कामगारांविषयी अशी कोणतीही अट नव्हती.

सातारा-सांगलीतील अन्वयार्थ :
मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्यास परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. या अटीचा हेतू कसणाऱ्याचे रक्षण हा होता. परंतु शहरालगतची जमीन चढ्या दराने विकणारा हाही कायद्याने शेतकरीच असतो. कर वाचविण्यासाठी त्याला ठरावीक मुदतीत जमीन घ्यावी लागते. परिणामी शेजारचे अर्धा एकर जोडू पाहणारा अल्पभूधारक व पुण्याच्या वेशीवरील जमीन विकून आलेला खरेदीदार कायद्याच्या दृष्टीने समान ठरतात. १९९४ च्या दुरुस्तीने औद्योगिक वापरासाठीच्या खरेदीवरील निर्बंधही शिथिल केले.

दुसरी अडचण हद्दीची आहे. औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाणारे कुपवाड १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा भाग झाले. २०१३ च्या वित्त अधिनियमाने शहराच्या लोकसंख्येनुसार दोन, सहा व आठ किलोमीटर अशी अंतरे निश्चित केली. २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर लोकसंख्या नोंदविलेल्या या महानगरपालिकेभोवती सहा किलोमीटरचा पट्टा त्यामुळे नागरी मानला गेला. एका पिढीत ज्याला 'शहराबाहेर' म्हटले, ते पुढील पिढीत शहरच होते. धोका मात्र तेथेच राहतो.

निष्कर्ष :
औंधच्या साहाय्यात गाव हा व्यवहारातील एक पक्ष होता. आयकराच्या सवलतींत 'जे शहर नाही ते' एवढीच गावाची व्याख्या उरली. संस्थानी काळाचे उदात्तीकरण करण्याचा येथे हेतू नाही. संस्थानाचे साहाय्य अखेर अधिपतीच्या मर्जीवर अवलंबून होते. तथापि लोकशाही व्यवस्थेत हा निर्णय व्यक्तीच्या मर्जीऐवजी नियमाने होऊ शकतो. धोकादायक उद्योगाच्या स्थलांतरास सवलत देताना नव्या स्थळाची तपासणी व ग्रामसभेचे मत, तर जमीनखरेदीस सवलत देताना ती जमीन प्रत्यक्ष कसण्याची अट, या बाबी सवलतीच्याच अटी ठरल्या पाहिजेत. एरवी शहराचा भार हलका झाल्याची नोंद होते, पण तो कोणाच्या शिवारात उतरला याची नोंद होत नाही.