नागपूरचं हायकोर्ट आणि वर्ध्याची माणसं

वर्धा जिल्ह्यात कुणी ‘हायकोर्टात जाऊन आलो’ म्हणालं, तर मुंबई कुणाच्या मनातही येत नाही. हायकोर्ट म्हणजे नागपूर. सकाळच्या गाडीनं जावं, वकिलाला भेटावं, तारीख घ्यावी आणि रात्री घरी जेवायला परतावं. ही सोय 1936 च्या जानेवारीपासूनची आहे. त्याआधी तिथं ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. ते जाऊन नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळालं आणि सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. सिव्हिल लाइन्समधली घुमटाची देखणी इमारत 1940 मध्ये कामाला लागली.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या 17 तारखेला पवनारला विनोबा भावे बोलायला उभे राहिले. गांधीजींनी सेवाग्रामहून निवडलेले ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही. मागणी एकच होती: युद्धाविरुद्ध उघडपणे बोलण्याचा हक्क. चार दिवसांनी देवळीला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा लागली. पुढं ‘चले जाव’ चळवळीत, 16 ऑगस्ट 1942 रोजी, आष्टीत पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं मारली गेली. मग चिमूर-आष्टीच्या उठावातल्या आरोपींना वटहुकमानं नेमलेल्या खास न्यायालयांनी फाशी सुनावली. जनतेनं आवाज उठवला, अनसूयाबाई काळे यांनी धावपळ केली, तेव्हा कुठं 1945 मध्ये फाशीचे दोर सुटले. भाषणस्वातंत्र्याचं खरं मोल इथल्या माणसांनी राज्यघटनेच्या कितीतरी आधी मोजलं आहे, हे वर्ध्यानं विसरू नये.

त्या दडपशाहीच्या काळात नागपूरच्या न्यायासनावर व्हिव्हियन बोस होते. युद्ध चालू असलं तरी माणसाला कोंडून ठेवणारा हुकूम कायद्याला धरून आहे का, हे न्यायालयानं पाहिलंच पाहिजे, अशी त्यांची धारणा. भगवतीचरण शुक्ल यांच्या प्रकरणात त्यांनी लिहिलेलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. एखाद्या लिखाणानं समाज बिघडेल का, हे ठरवताना कोणाचं मन प्रमाण मानायचं? बोस यांचं उत्तर स्पष्ट होतं. समंजस, खंबीर आणि धीट माणसाचं. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाचं नव्हे. हा निवाडा 1947 च्या संग्रहात छापला गेला, म्हणजे घटनेच्या एकोणिसाव्या कलमाच्या आधीचा. सर्वोच्च न्यायालयानं 1988 मध्ये ‘तमस’ मालिकेच्या खटल्यात तोच मापदंड उचलला. 2025 च्या मार्चमध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करताना न्यायमूर्ती अभय ओक यांनीही त्याचाच आधार घेतला. नागपुरात लिहिलेला एक परिच्छेद आजही माणसांना कोठडीपासून वाचवतो आहे.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली. मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि नागपूरचं न्यायालय मुंबईचं खंडपीठ झालं. दर्जा उतरल्याची खंत विदर्भात अजून बोलली जाते. पण न्याय जवळ राहिला, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं.

त्याची किंमत आणीबाणीत कळली. ‘मिसा’खाली धरलेल्यांचे बंदी प्रत्यक्षीकरणाचे अर्ज ऐकायचेच नाहीत, असं सरकार म्हणत होतं. पवनारलाही झळ लागली. 1976 च्या जूनमध्ये आश्रमातून निघणाऱ्या ‘मैत्री’चे अंक पोलिसांनी जप्त केले, कारण त्यात विनोबांच्या गोवधबंदीसाठीच्या उपोषणाची घोषणा होती. अशा काळात देशातल्या ज्या उच्च न्यायालयांनी ‘अर्ज ऐकू’ म्हणायची हिंमत दाखवली, त्यांत नागपूर खंडपीठ होतं. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं हे सगळे निकाल पुसून टाकले. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे राहिले. ती चूक 24 ऑगस्ट 2017 ला, खासगीपणाच्या हक्काच्या निकालात, दुरुस्त झाली. त्या नऊ न्यायमूर्तींमध्ये नागपूर खंडपीठात वकिली केलेले शरद बोबडे होते.

मथुरा प्रकरणातही असंच घडलं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. खंडपीठानं 1976 मध्ये त्यांना दोषी धरलं: भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये पोलिसांना पुन्हा सोडलं. मग देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदाच बदलला.

खंडपीठ नेहमीच बरोबर होतं असं नाही. लहान मुलीला कपड्यावरून केलेला स्पर्श ‘पॉक्सो’ कायद्यातल्या लैंगिक अत्याचारात बसत नाही, हा 2021 च्या जानेवारीतला निकाल इथलाच. सर्वोच्च न्यायालयानं तो त्याच वर्षी फिरवला, हे उत्तम झालं.

प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना माओवादी संबंधांच्या आरोपावरून गडचिरोलीच्या न्यायालयानं 2017 मध्ये जन्मठेप दिली. खंडपीठानं ती शिक्षा ऑक्टोबर 2022 मध्ये रद्द केली. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. पुढं प्रकरण परत आलं आणि 5 मार्च 2024 ला खंडपीठाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींनीही तोच निष्कर्ष काढला. त्यांचा एक आदिवासी सहआरोपी मात्र ऑगस्ट 2022 मध्ये, खंडपीठाच्या पहिल्या निकालाच्या जेमतेम दोन महिने आधी, कैदेतच वारला होता. शिक्षेविरुद्धचं अपील ऐकायला पाच वर्षं का लागावीत? कैदेत असलेल्याचं अपील आधी बोर्डावर लागलं पाहिजे, ही मागणी विदर्भातल्या वकील संघांनी आता धसास लावावी. वर्ध्याच्या बार रूममधूनही ती उठायला हवी.