उसनी वीज, अदृश्य प्रकाश

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलवेत्त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि तांबड्या रंगापलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापक ठेवला. त्याने अधिकच उष्णता दाखविली. अवरक्त किरणांचा शोध लागला तो असा.

या किरणांवरून संदेश धाडण्याची विद्या पुढे टेलिव्हिजनच्या रिमोटमधून घराघरांत पोहोचली. १९९०च्या दशकात हौशी तंत्रज्ञांनी तिच्याशी संगणकाची सांगड घातली. अडचण होती ती विजेची. संगणकाचा सीरियल पोर्ट १९६० सालच्या आरएस-२३२ या प्रमाणानुसार चाले, आणि ते घडले होते केवळ संदेशवहनासाठी. वीजपुरवठ्याची स्वतंत्र तार त्यात नव्हतीच. परंतु ‘सिद्ध आहे’ अशा खुणा करणाऱ्या तारांवर काही व्होल्टांचा दाब असे व त्यांतून मोजके मिलीअँपिअर उसने घेता येत. एक डायोड, एक कपॅसिटर आणि पाच व्होल्टांचा रेग्युलेटर एवढ्या सामग्रीवर ग्राहकयंत्र चाले. प्रक्षेपणाला मात्र क्षणापुरता मोठा प्रवाह लागे. तो कपॅसिटरमध्ये हळूहळू साठवावयाचा, दुष्काळी गावात बारीक धारेखाली हंडा भरून घ्यावा तसा, आणि एका स्पंदनात ओतावयाचा.

१९९६ साली आलेल्या यूएसबीने पाच व्होल्ट आयते दिले. परंतु आज्ञा आणि तार यांच्यामध्ये एक बंद चिप येऊन बसली. काटकसरीची गरज सरली हे खरे. पण यंत्राचे अंतरंग स्वतःच्या हातांनी जाणून घेण्याची एक सोपी वाटही तिच्याबरोबर बुजत गेली.