थंड प्रदेशात कॅराव्हॅन नेताय? पाइपमधलं पाणी का गोठतं आणि ते कसं टाळायचं?

हिंगोलीत पाण्याचा त्रास उन्हाळ्यातला. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून हात पोळेल असं पाणी येतं. हिवाळ्यात फार तर ते गार लागतं. शेजारच्या परभणीत कृषी विद्यापीठाच्या केंद्रावर काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली गेला आहे, पण तेवढ्यानं कुणाच्या घरातला पाइप फुटत नाही. म्हणून रात्री सगळे नळ घट्ट बंद करून झोपणं ही आपल्याकडे चांगली सवय मानली जाते. बर्फाळ भागात नेमकी हीच सवय नडते.

हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवहून पंजाबातल्या घुमानला जाणारे भाविक पुष्कळ. २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं, तेव्हा हे गाव आणखी मराठी घरांपर्यंत पोचलं. तिथून पठाणकोट जवळ, आणि पठाणकोट ओलांडलं की हिमाचल आणि काश्मीरचे रस्ते सुरू. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीपलीकडच्या लाहौलमध्ये हिवाळ्यातही जाता येतं. शिवाय २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यानंतर बेसिन, शॉवर, गीझर असलेली गाडी घेऊन फिरणं आता अगदीच नवलाचं राहिलेलं नाही. सहलीला निघताना टायर, ब्रेक, बॅटरी सगळं तपासलं जातं. पाण्याच्या पाइपांकडे मात्र कुणी बघत नाही.

गोठल्यावर पाण्याचं आकारमान साधारण ९ टक्के वाढतं. फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते ती यामुळेच. पाइपात मात्र गंमत थोडी वेगळी आहे. बर्फ जिथे झाला तिथेच पाइप फुटतो असं नाही. बर्फाचा बोळा वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाच्या दिशेनं ढकलतो. त्या पाण्याला बाहेर पडायला जागाच नसते. दाब वाढत जातो आणि जो भाग सर्वांत कमजोर, तो आधी जातो. कडक प्लास्टिकचा पाइप तडकतो. लवचीक पाइप थोडा ताण सहन करतो, पण मग सांधे, नळाचे आतले भाग किंवा पंप यांच्यावर संकट येतं.

हवा किती अंशांवर आली की धोका? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासात घरातल्या उघड्या पाइपांसाठी उणे ७ अंशांच्या आसपासची धोक्याची पातळी सांगितली गेली. गाडीला घरासारख्या जाड भिंती नसतात आणि बरेच पाइप गाडीच्या पोटाखालून जातात, तेव्हा शून्यालाच सावध झालेलं बरं. मोबाइलवर २ अंश दिसले म्हणूनही निर्धास्त राहू नये. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ गाड्यांच्या टपांवर दव गोठतं, तेव्हा हवेचं तापमान शून्याच्या वरच असू शकतं. निरभ्र रात्री उघडे पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा जास्त गार होतात.

यावर सर्वांत खात्रीचा आणि फुकटचा उपाय म्हणजे पाइप रिकामे करणं. गाडी रात्रभर तापवत बसण्यापेक्षा हे सोपं आहे. गीझर बंद करून थंड होऊ द्यायचा, मग टाकी, गीझर आणि पाइपांचा सर्वांत खालचा निचऱ्याचा नळ उघडायचा. त्यानंतर गरम आणि गार पाण्याचे सगळे नळ उघडे ठेवायचे. शॉवरची नळी खाली सोडायची आणि संडासाचा फ्लश दाबून ठेवायचा. शेवटी पंप काही सेकंद चालवला की त्यात अडकलेलं पाणीही निघतं. नळ रात्रभर उघडेच राहू द्यावेत. पिण्या-धुण्यापुरतं पाणी आत कॅनमध्ये ठेवलं की काम भागतं.

बेसिनखालच्या वाकड्या पाइपात थोडं पाणी राहतंच. गाडी बरेच दिवस थंडीत उभी राहणार असेल, तर तिथे पाण्याच्या यंत्रणेसाठी मिळणारं प्रॉपिलीन ग्लायकॉलचं द्रावण ओततात. गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट इथे कधीही वापरू नये. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे.

मुक्कामात पाणी चालूच ठेवायचं असेल, तर बाहेरची नळी जोडून झोपू नये. दिवसा टाकी भरावी, नळी काढून रिकामी करावी. रात्री बेसिनखालची कपाटं उघडी ठेवावीत, म्हणजे आतली ऊब पाइपांपर्यंत पोचते. सांडपाण्याची टाकी योग्य जागी रोज रिकामी करावी, कारण तिचा व्हॉल्व्ह बाहेर असल्यानं तो लवकर गोठतो. ऊब हवी म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवणं मात्र जिवावर बेतू शकतं; त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

आणि एवढं करूनही सकाळी नळातून पाणी आलं नाही तर? आधी पंप बंद करावा आणि नळ उघडावा. मग नळाच्या बाजूनं सुरुवात करून गरम पाण्यात पिळलेलं फडकं किंवा हेअर ड्रायर वापरत मागे मागे जावं. लायटर किंवा ज्योत नको. बर्फ असेपर्यंत चीर लपून राहते, गळती वितळल्यावरच दिसते. त्यामुळे पाणी सुरू झालं की सगळे नळ बंद करून पंप चालू करावा आणि कान द्यावा. थोड्या वेळात दाब तयार होऊन पंप आपोआप थांबायला हवा. तो पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर कुठेतरी पाणी गळतंय.