कॅराव्हॅनची मैलापाणी टाकी

कॅराव्हॅनची मैलापाणी टाकी म्हणजे प्रवासी निवासी वाहनातील शौचालयाचा मैला व त्यासोबतचे पाणी साठवण्यासाठी वाहनाच्या तळाशी बसवलेली बंद टाकी होय. स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी व हात धुण्याचे भांडे यांतील पाण्यासाठी बहुधा दुसरी टाकी असते. तिला सांडपाणी टाकी म्हणतात. दोन्ही टाक्या सामान्यतः गुरुत्वाकर्षणाने रिकाम्या केल्या जातात. त्यामुळे टाकीच्या निचऱ्याचे तोंड जमिनीपासून किती उंच आहे आणि मैला स्वीकारणारे चेंबर किती उंच आहे, या दोन मापांवर सर्व व्यवस्था अवलंबून असते. तोंड फार खाली असल्यास टाकी पूर्ण रिकामी होत नाही.

रचना

अमेरिकी पद्धतीच्या वाहनांत मैलापाणी टाकीचा निचरा सुमारे 75 मिलिमीटर व्यासाच्या सरकत्या झडपेतून होतो. सांडपाण्याची झडप त्याहून लहान असते. दोन्ही नळ पुढे एकत्र येऊन एकाच तोंडाशी मिळतात आणि तेथे लवचीक नळी जोडली जाते. युरोपात मोठ्या मैलापाणी टाकीऐवजी काढता येण्याजोगा डबा अधिक वापरतात. तो बाहेरून दार उघडून ओढून काढता येतो व शौचकुंडाकडे नेऊन ओतता येतो. डबा हाताने उचलायचा असल्याने त्याची धारणक्षमता साधारण 20 लिटरच्या आसपास ठेवलेली असते.

मोठी टाकी गाडीच्या सांगाड्याखाली असते. आतील वावर वाढवण्यासाठी फरशी खाली घेतली की टाकीही खाली जाते, आणि तिच्या तळाला लागून असलेले तोंड जमिनीच्या आणखी जवळ येते. मालवाहू गाडी किंवा मिनीबसचे रूपांतर करून बनवलेल्या वाहनांत मूळ सांगाडा बदलता येत नाही, म्हणून उरलेल्या जागेत टाकी बसवावी लागते. खडबडीत रस्त्यावर व गतिरोधकावर असे तोंड घासण्याचाही धोका असतो.

निचऱ्याचा ढाळ

मैला वाहून नेणाऱ्या नळीला दर मीटरला सुमारे 2 सेंटिमीटर ढाळ असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. समजा, वाहनाचे तोंड जमिनीपासून 25 सेंटिमीटर उंच आहे, चेंबरचा काठ 15 सेंटिमीटर उंच आहे आणि नळी 4 मीटर लांब आहे. ढाळासाठी 8 सेंटिमीटर लागतील आणि उपलब्ध फरक 10 सेंटिमीटर आहे. काम जेमतेम होते. काठ 30 सेंटिमीटर उंच असेल, तर परिस्थिती वेगळी होते. टाकीतील पाण्याची पातळी काठाच्या वर असेपर्यंत प्रवाह चालू राहतो, पातळी काठाशी आली की तो थांबतो. टाकीच्या तळाचा भाग व नळी दोन्ही भरलेली राहतात.

यातली खरी अडचण प्रमाणाची नाही. सुरुवातीला जो भाग बाहेर पडतो तो पातळ असतो. जड गाळ तळाशी बसलेला असतो आणि तोच मागे राहतो. असे दोन-तीनदा झाले की तळाशी थर घट्ट होतो व पातळीमापक चुकीची पातळी दाखवू लागतात. याच कारणासाठी मैलापाण्याची झडप कायम उघडी ठेवू नये. उघड्या झडपेतून पाणी निघून जाते, घन भाग शौचभांड्याखाली ढिगासारखा साचतो. टाकी साधारण दोन-तृतीयांश भरल्यावर झडप एकदम उघडल्यास वेगाने निघणारे पाणी घन भाग सोबत नेते. प्रथम मैलापाणी व नंतर सांडपाणी सोडण्याची प्रथाही यामुळेच आहे. साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते.

तोंड खाली असताना

साधा उपाय वाहन वर घेण्याचा आहे. निचऱ्याच्या बाजूची चाके लाकडी किंवा प्लास्टिकच्या उतरत्या ठोकळ्यांवर चढवली, तर काही सेंटिमीटर उंची मिळते. हातब्रेक लावून इतर चाकांना अडकण घालणे आवश्यक असते, आणि अशा वेळी गाडीखाली शिरणे सर्वथा टाळावे. नळी मध्येच लोंबत असल्यास तिला आधार द्यावा लागतो, कारण झोळ पडलेल्या ठिकाणी गाळ साचून तुंबतो.

काठच उंच असेल, तर दळणारा पंप वापरतात. 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या या पंपाची पाती मैला व कागद बारीक करतात आणि तो लगदा सुमारे 25 मिलिमीटरच्या बारीक नळीतून वर ढकलतात. ढाळाची गरज उरत नाही. काही मीटर उंच असलेल्या चेंबरपर्यंतही मैला नेता येतो. कापड, ओले पुसणे किंवा सॅनिटरी पॅड आत गेल्यास मात्र पाती अडकतात. पंप नसल्यास जमिनीलगतच्या चाकांच्या टाकीत मैला काढून ती ओढत नेतात. परंतु तिचे तोंड वाहनाच्या तोंडापेक्षा खाली असावे लागते, म्हणून फार खालच्या निचऱ्याला हा उपाय लागू पडत नाही.

भारतात सर्वांत सोयीचा मार्ग सक्शन टँकरचा आहे. निर्वात पोकळीने ओढणाऱ्या या गाडीला तोंड खाली असल्याची अडचण जाणवत नाही, कारण वातावरणाचा दाब तत्त्वतः सुमारे 10 मीटरपर्यंत पाणी वर ढकलू शकतो. प्रत्यक्षात मर्यादा त्याहून कमी असली, तरी अर्ध्या-एक मीटरचा प्रश्न सहज सुटतो. पंढरपूरच्या वारीत पालखीमार्गावर उभारल्या जाणाऱ्या फिरत्या शौचालयांच्या टाक्याही अशाच गाड्यांनी उपसल्या जातात.

रेल्वेतील समांतर उदाहरण

उमरोळी हे पश्चिम रेल्वेवरील पालघर व बोईसर यांच्या दरम्यानचे स्थानक आहे. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी सेवा 16 एप्रिल 2013 रोजी सुरू झाली. या लोकलगाड्यांत शौचालये नसतात. लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र याच रुळांवरून जातात आणि पूर्वी त्यांचा मैला थेट रुळांवर पडत असे. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने 2012 च्या अहवालात ही पद्धत बंद करण्याची शिफारस केली. मैल्यामुळे रुळ व त्यांची जोडणी गंजत असे.

त्यानंतर डब्यांखाली जैव-शौचालयाच्या टाक्या बसवण्यात आल्या. संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेत विकसित झालेल्या या पद्धतीत ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू मैल्याचे विघटन करतात व उरलेले पाणी बाहेर पडते. डब्याखालची टाकी रुळापासून फार उंच नसते, त्यामुळे तिच्यात बाटली वा पिशवी अडकल्यास देखभालीच्या मार्गिकेवर यंत्राने उपसा करावा लागतो. 30 सप्टेंबर 2022 पासून धावणाऱ्या मुंबई सेंट्रल–गांधीनगर वंदे भारत गाडीत निर्वात शौचालये आहेत. त्यांत फ्लशला पाणी कमी लागते.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. त्यात वाहनांसोबतच त्यांच्या मुक्कामाच्या कॅराव्हॅन पार्कचाही विचार केला आहे. पार्कच्या बाहेर मुक्काम केल्यास मैला कोठे सोडायचा, हा प्रश्न किनारी गावांत अधिक बिकट ठरतो. तेथे सहसा भूमिगत मलवाहिनी नसते. घरे सेप्टिक टाकी व शोषखड्ड्यावर अवलंबून असतात. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून अनेक ठिकाणी टाकीचे झाकण जमिनीपेक्षा उंच बांधतात. घराच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण वाहनाचे तोंड खाली व चेंबर वर अशी नेमकी उलटी स्थिती त्यातून निर्माण होते.

शिवाय लहान सेप्टिक टाकीत एकाच वेळी शंभर-दीडशे लिटर मैलापाणी ओतल्यास तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो. पावसाळ्यात भूजल वर आलेले असताना शोषखड्डा आधीच मंदावलेला असतो, आणि जवळ विहीर असल्यास तिचे पाणी दूषित होऊ शकते. दुर्गंधीनाशक रसायनांपैकी फॉर्मल्डिहाइड असलेली रसायने टाकीतील उपयुक्त जिवाणूंनाही मारतात.

सुरक्षितता व कायदा

साचलेल्या मैल्यातून मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागेत साचतो. त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे 100 भागांपर्यंत गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते. वास येईनासा होणे हे धोका टळल्याचे लक्षण नसते. म्हणून तुंबलेले चेंबर मोकळे करण्यासाठी कोणालाही आत उतरवणे प्राणघातक ठरू शकते.

हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या 2013 च्या केंद्रीय कायद्याने गटारे व सेप्टिक टाक्यांची धोकादायक पद्धतीने सफाई करून घेण्यासही बंदी घातली आहे. कायद्यातील व्याख्या सेप्टिक टाकीची असल्याने वाहनाची टाकी तिच्यात सरळ बसत नाही; मैला ज्या जमिनीखालच्या टाकीत सोडला जातो तिला मात्र हा कायदा लागू होतो. गटारातील मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 रोजी कुटुंबाला 10 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. 20 ऑक्टोबर 2023 रोजी ही रक्कम 30 लाख रुपये करण्यात आली.