एका ठिपक्याचा इतिहास: प्रोग्रॅम आपली सेटिंग शोधतो कुठे?

१/८
प्रबंधाची टिपणे ज्या प्रोग्रॅममध्ये लिहितो, त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये मी टिपणांच्या फोल्डरचा नवा पत्ता लिहिला. एकदा नव्हे, तीनदा. तरीही टिपणे जुन्याच फोल्डरमध्ये जात राहिली, आणि त्याचा बॅकअप मी कधीच थांबवला होता. मी दुरुस्त करत होतो ती फाईल प्रोग्रॅम वाचतच नव्हता. हे का घडते, याचे उत्तर इतिहासात आहे.

२/८
१९७० च्या दशकाचा आरंभ. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते. प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी असत: एक ठिपका म्हणजे ‘हाच फोल्डर’, दोन ठिपके म्हणजे ‘वरचा फोल्डर’. ‘एलएस’च्या यादीत त्या दिसू नयेत म्हणून दोघांपैकी कोणीतरी सोपी अट घातली: नावाचे पहिले अक्षर ठिपका असेल, तर वगळा.

३/८
वगळायच्या होत्या दोन नोंदी. लपली ती ठिपक्याने सुरू होणारी प्रत्येक फाईल. तेथेच पुढे काम केलेल्या रॉब पाईक यांनी २०१२ मध्ये ही हकीकत सांगितली आणि तिला चूक म्हटले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना मात्र ती सोयीची वाटली. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये ठिपक्याआड सेटिंगच्या फायली साचत गेल्या.

४/८
विंडोजची वाट निराळी. आरंभी ‘विन डॉट आयएनआय’ ही साधी मजकुराची फाईल होती आणि अनेक प्रोग्रॅम तिच्यातच लिहीत. विंडोज ९५ पासून रजिस्ट्री हे सेटिंगचे मुख्य कोठार झाले. तिच्यात संपूर्ण संगणकाचा आणि चालू वापरकर्त्याचा, असे वेगळे विभाग असतात.

५/८
विंडोज व्हिस्टाने परवानग्या कडक केल्या. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ‘प्रोग्रॅम फाईल्स’मधील त्यांचे लेखन गुपचूप ‘व्हर्च्युअल स्टोअर’कडे वळवले जाई. एकाच फाईलच्या दोन प्रती: एक प्रोग्रॅमला दिसणारी, दुसरी आपल्याला!

६/८
लिनक्सच्या जगात २००३ मध्ये फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने एक संकेत मांडला. ‘एक्सडीजी कॉन्फिग होम’ या चलात पत्ता असेल, तर तेथे पाहावे. नसेल, तर होममधील ‘डॉट कॉन्फिग’ फोल्डरमध्ये. त्यानंतर सर्वांसाठीच्या सामायिक फोल्डरमध्ये. वापरकर्त्याचा शब्द वरचढ.

७/८
पण हा संकेत होता, कायदा नव्हे. ‘गिट’ आजही नवी आणि जुनी अशा दोन्ही जागांच्या फायली वाचतो, आणि मतभेद झाल्यास होममधील जुन्या ठिपकाफाईलचे ऐकतो. म्हणून तर्क करू नये, साक्ष काढावी. लिनक्सवर ‘एसट्रेस’, विंडोजवर ‘प्रोसेस मॉनिटर’ ही साधने प्रोग्रॅमने कोणकोणत्या फायली उघडू पाहिल्या, ते क्रमाने दाखवतात. ‘सापडली नाही’ असा शेरा असलेल्या ओळीही वाचाव्यात. शोधाचा मार्ग त्यांतूनच उलगडतो.

८/८
माझ्या बाबतीत साक्ष स्पष्ट होती. बी. ए.च्या काळातील लॅपटॉपवरून होम फोल्डर जसाच्या तसा आणला होता; त्यातली जुनी ठिपकाफाईल प्रोग्रॅम आधी वाचत होता. जुना फोल्डर निरुपयोगी समजून त्याच आठवड्यात पुसणार होतो. तीन आठवड्यांची टिपणे त्यात होती.
आज ‘एलएस’ला ‘-ए’ जोडून आपला होम फोल्डर एकदा पाहा. पन्नास वर्षांपूर्वीची ती अट तेथे अजून लागू आहे.